‘हो’ नको, परत सांग

सुलोचना गेल्याचा फोन तिच्या शेजारणीने अमरावतीहून केला. मी अकोल्याला ओसरीत तूरडाळ निवडत बसले होते. शेजारीण रडत रडत बोलत होती, अर्धं कळत होतं, अर्धं नाही. मी म्हटलं, “थांब बाई. सुलोचना सकायी चहा घेता घेता पडली. दवाखान्यात नेली, डॉक्टरनं तपासून गेली म्हनून सांगतलं. तू आता तिच्या घरातून बोलून रायली. बरोबर?” तिचं रडणं एकदम थांबलं. मग ती हळूच म्हणाली, “हो आजी… घरात तुमच्याजवय कोनी हाय का?” म्हातारीचं डोकं फिरलं, असं तिला वाटलं असणार. फिरलं नव्हतं. निरोप ऐकला की तो परत सांगायचा आणि समोरच्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, ही सवय मला सुलोचनानेच लावली होती. शेजारीण ‘हो’ म्हणाली, ‘बरोबर’ म्हणाली नाही. मी फोन कानाला धरून तशीच बसून राहिले…

सुलोचना माझी नणंद. मी लग्न होऊन तेल्हाऱ्याकडच्या त्या घरात आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती. मी चौथी शिकलेली. तिला मी भाकर शिकवली, ती तिला शेवटपर्यंत आली नाही. तिने मला इंग्रजी आकडे शिकवले, ते मला आले. पुढे ती पोलिसांच्या बिनतारी विभागात लागली. तेव्हा बायका तिथे बोटावर मोजण्याइतक्या. सासरे गावभर सांगत, “आमची पोरगी डब्ब्याशी बोलते आन् डब्बा तिले साहेब म्हनते.” लग्न तिने केलं नाही. आम्ही एकदा विचारलं, तिने नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विचारायची कोणाची छाती झाली नाही.

नोकरी कधी अकोल्याला, कधी अमरावतीला. घरी येताना ती कचेरी सोबत घेऊन यायची. माझ्या नवऱ्याला, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या भावाला, बाजारात पाठवताना ती दारात आडवी उभी राहायची. “भाऊ, काय आनाचं?” “हो हो, समजलं ना मले.” “समजलं नोको. परत सांग.” तो चिडून सगळं म्हणून दाखवायचा, ती “बरोबर. जाय” म्हणायची, मगच वाट मोकळी. पाहुण्यांनाही सोडायची नाही. एका लग्नात तिने आचाऱ्याकडून भाजीचं तिखट-मीठ चारचौघांत परत वदवून घेतलं. आचारी म्हणाला, “बाई, मी तुमच्या आजाच्या लग्नातला सैपाक केला.” ही म्हणते, “म्हनूनच. तुमी आता ऐकनं सोडलं.” अशी होती. भांडखोर, हेकट, माणसाचा अपमान करून वर चहा पाजणारी. तिच्या तोंडाला मी सुद्धा कंटाळायची.

पण ती का तशी होती ते मला ठाऊक होतं. आपल्या वऱ्हाडात ‘हो’ म्हणजे ऐकलं असं नसतं. ‘हो’ म्हणजे आता फोन ठेव. ‘हो ना बाप्पा’ म्हणजे तुझं आवर. आपण ऐकायच्या आधीच हो म्हणतो, कारण नाही म्हणणं वाईट दिसतं आणि पुन्हा विचारणं त्याहून वाईट. सुलोचनाचं म्हणणं असं की, कुठे दगडफेक झाली, कुठे आग लागली, तिकडे गाडी पाठवायची वेळ आली, की हाच ‘हो’ माणसं मारतो. निरोप पाठवून होत नाही, तो समोरच्याच्या तोंडून परत यावा लागतो. बिनतारीवर हा नियमच होता, तिने काही शोधून काढला नव्हता. ती तो नियम पाळत होती, आणि न पाळणाऱ्याच्या सात पिढ्या काढत होती, एवढंच.

मग पोलिसांचं ते नवं नियंत्रण केंद्र आलं. कोणत्या गावचं ते मी लिहीत नाही. गाव गाळलं म्हणून गोष्ट बदलत नाही. सुलोचना यंत्राच्या विरोधात होती असं कोणी समजू नका. अशा केंद्रासाठी तिने वर्षानुवर्षं बैठकांमध्ये घसा फोडला होता. उद्घाटनाच्या दिवशी ती मलाही घेऊन गेली. भिंतभर पडदे, त्यावर सगळा जिल्हा, नद्या निळ्या, धरणं निळी, गाड्यांचे ठिपके रस्त्यांवरून सरकत होते. लहान पोर जत्रेत पाहते तशी ती पाहत होती. “वयनी, पाय, हे गाडी पाय कशी चालून रायली! आता मले विचाराच नाय लागत का कोठी हाय म्हून.” मी म्हटलं, “आन् मानसं कोठी हायत?” ती म्हणाली, “मानसं नकाशावर नसतात वयनी, गाडीत असतात. तू गुमान पेढा खाय.”

त्या पडद्यांमध्ये एक पडदा वेळेचा होता. कोणता निरोप किती वेळात गेला, ते त्यावर दिसायचं. लवकर गेला तर त्याची चौकट हिरवी, वेळ लागला तर लाल. वरून कोणी पाहुणे आले की केंद्राचे साहेब त्यांना आधी त्या पडद्यासमोर नेऊन उभे करायचे. आता परत वदवून घ्यायला वेळ लागतोच. त्यामुळे सुलोचनाच्या हाताखालच्या पोरींच्या चौकटी लाल दिसू लागल्या. तेव्हा असं ठरलं की तोंडी परत घेणं बंद. संगणकावरून निरोप फोनवर पाठवायचा, फोनला मिळाला की चौकट हिरवी होईल, काम झालं. बैठकीत सुलोचना उठली. “साहेब, फोनले पोचलं. मानसाले पोचलं का?” साहेब म्हणाले, “मॅडम, जमाना बदलला. सिस्टिमवर विश्वास ठेवा.” ती म्हणाली, “सिस्टिमवर हाय. तुमच्या हिरव्यावर नाय.” पुढच्याच आठवड्यात तिला तिथून काढून नव्या पोरींना शिकवायच्या खोलीत बसवलं. ती तिथेही तेच शिकवत राहिली. प्रणाली नावाची पातूरकडची एक पोरगी तेव्हाच तिच्या हाताखाली आली. तिला सुलोचनाने इतकं रडवलं की ती पोरगी माझ्याकडे येऊन म्हणाली, “आजी, तुमी यांच्यासोबत रायल्या तरी कशा?”

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. पावसाळ्याचे दिवस होते, पण त्या दिवशी आपल्याकडे चांगलं ऊन पडलं होतं. पाऊस वर डोंगरात होता. धरणाची दारं उघडायची ठरली आणि नदीकाठच्या वस्त्यांना निरोप गेले. काठावरच्या एका वस्तीत निरोप घेण्यासाठी एकाच माणसाचा नंबर होता, रमेशचा. वस्तीत सकाळपासून लाइट नव्हती, म्हणून रमेशने फोन गावातल्या किराणा दुकानात चार्जिंगला ठेवला आणि तो शेतात डवरणीला गेला. आपल्याकडे सगळेच असं करतात. दुकानदाराच्या बरणीमागे चार-पाच फोन कायम पडलेले असतात. निरोप आला, बरणीमागे फोन थरथरला, आणि तिकडे केंद्रात भिंतीवर चौकट हिरवी झाली. सगळ्यांनी हिरवं पाहिलं. कोणी फोन लावून “काय समजलं ते सांगा” असं विचारलं नाही. रमेशची माय गिरजाबाई तेव्हा नदीच्या पात्रात शेळ्या चारत होती. वर ऊन. पाण्याची शंका येण्याचं काही कारणच नव्हतं… शेळ्या पोहून निघाल्या. गिरजाबाई निघाली नाही.

चौकशी झाली. चौकशीत काय निघालं? निरोप पोचल्याची नोंद आहे. नागरिकांनी सूचनेकडे दुर्लक्ष केले. झालं. यंत्र खरं, नोंद खरी, साहेब खरे, खोटी फक्त मेलेली बाई आणि तिचं पोरगं. वस्तीत लोक रमेशच्या तोंडावर म्हणू लागले, “तुले निरोप आला होता ना बे? मंग मायले काहून नाय सांगतलं?” सोयऱ्यांनी येणं कमी केलं. पन्नाशीला आलेला माणूस, दुकानापुढून मान खाली घालून जायचा. ज्याने हातात फोनच धरला नव्हता, त्याच्या डोक्यावर मायचं मरण ठेवून दिलं एका हिरव्या चौकटीने. मला आजही हे लिहिताना संताप येतो. भिंतभर पडदे लावले, त्यात नदी दिसते, धरण दिसतं, गाडी दिसते, आणि एवढं दिसत नाही की फोन बरणीमागे आहे आणि माणूस शेतात आहे? आणि नाही दिसत तर विचारायला तोंड दिलं आहे ना!

सुलोचना आपणहून त्या वस्तीत गेली. तिथून थेट माझ्याकडे आली, चप्पल न काढता स्वयंपाकघरात बसली. “पोचला म्हन्तेत वयनी. पोचला!” एवढंच पुन्हा पुन्हा. वाढलेलं ताट तिने सरकवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत जाऊन ती काय बोलली, ते बाहेरच्या वऱ्हांड्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. तिचं मागणं एकच होतं. साहेबांनी त्या वस्तीत यावं आणि रमेशच्या समोर, लोकांच्या समोर, एक वाक्य म्हणावं, ‘निरोप पोचला नव्हता.’ कोणाला शिक्षा नको, कोणाची नोकरी जायला नको, एक वाक्य. त्याच्याबद्दल तिला काय मिळालं तर उद्धट वर्तनाची नोटीस. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना. निवृत्त झाल्यावरही ती जात राहिली. चपराशी सांगायचा, साहेब बैठकीत आहेत. ही म्हणायची, “बसते.” साहेब भेटले की म्हणत, “हो मॅडम, बघतो.” ती घरी येऊन मला फोनवर सांगायची, “आजबी हो म्हनला.” मी ते परत सांगायची, “आजबी हो म्हनला.” ती म्हणायची, “बरोबर. ठेव.” असं तिच्या मरणापर्यंत चाललं.

तिच्या पुण्यानुमोदनाला विहारात गर्दी झाली. खात्यातले लोक आले, तेच साहेब आले, पांढरा शर्ट घालून. माइक घेतला आणि म्हणाले, “सुलोचनाताई म्हणजे शांत, संयमी, मितभाषी व्यक्तिमत्त्व. नव्या तंत्रज्ञानाशी त्यांनी किती सहज जुळवून घेतलं…” मी पुढे सतरंजीवर बसले होते. मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाच्या कार्यक्रमाला आले. सुलोचना शांत? मितभाषी? जिवंतपणी तिचं तोंड बंद करायला नोटीस लागली, मेल्यावर एका भाषणात काम झालं. माणूस मेला की त्याचे दात पाडून त्याला फुलं वाहायची, ही कुठली रीत?

मी उठले. गुडघे दुखतात, वेळ लागला, पण उठले. म्हटलं, “साहेब, माही नणंद भांडखोर होती. ते तुमच्याशी काहून भांडली ते तुमाले मालूम हाय. मांगं रमेश बसला हाय. मी एक वाक्य सांगते, ते तुमी परत सांगा. गिरजाबाईच्या दिवशी निरोप पोचला नव्हता.” साहेबांनी माइक बाजूला ठेवला, हात जोडले आणि हसून म्हणाले, “हो, हो, आजी…” मी म्हटलं, “हो नोको. परत सांगा.” त्यांनी शेजारच्याला काही विचारलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा हात जोडले आणि चपला शोधायला गेले. माझ्या भाच्याने माझा दंड धरला, “मामी, बसा, लोक पाहून रायले.” मी म्हटलं, “पाहू दे. त्याच्यासाठीच उभी हाय.”

कागदावर काही बदललं नाही, हे मला माहीत आहे. नोंद हिरवीच आहे, दुर्लक्षही गिरजाबाईचंच आहे. भिंतीवर निरोप अजून तसेच हिरवे होतात, आणि पुढच्या पावसाळ्यात कोणाचा तरी फोन कोणत्या तरी बरणीमागे असेल. आता हे छापून आलं तर वाचणारे मान हलवतील, “हो, खरं आहे” म्हणतील आणि पान उलटतील.

पण त्या दिवशी एक झालं. साहेबांची गाडी अजून फाटकाबाहेर वळलीही नव्हती, तेवढ्यात भिंतीजवळून प्रणाली उठली. ड्यूटीवरून सरळ आली होती, अंगावर वर्दी होती. खात्याचे चार लोक तिच्याकडे पाहत होते, त्यातल्या एकाने बोटाने ‘बस’ अशी खूणही केली. ती बसली नाही. ती मागे रमेशपर्यंत गेली. तो मान खाली घालून बसला होता, त्याच्या समोर ती उभी राहिली आणि सुलोचना शिकवायची तशी, एकेक शब्द सुटा सुटा करून, सगळ्या विहाराला ऐकू जाईल असं म्हणाली, “दादा, त्या दिवशी आमच्याकडून तुमाले निरोप पोचला नव्हता.”

रमेशने मान वर केली. प्रणाली तिथून हलली नाही, वाट पाहत उभी राहिली. मग तो म्हणाला, “मले निरोप पोचला नव्हता.”

प्रणालीने वळून माझ्याकडे पाहिलं. पुढचा शब्द सुलोचनाचा होता, आणि ती नव्हती. म्हणून मी म्हटलं, “बरोबर.”