सेटअपच्या कागदावर न लिहिलेली ओळ

मिल बंद झाली तेव्हा मी आणि माझा एक सोबती एकदमच घरी बसलो. मी मिलच्या कॉम्प्युटर विभागात होतो, तो कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात हिंदी टायपिस्ट. काही वर्षांनी मला वेबसाइट करणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. कंपनी म्हणजे बडा गणपतीजवळ एका दुकानावरच्या दोन खोल्या आणि आमच्या मुलांच्या वयाचा मालक. त्याला हिंदी टाइप करणारा हवा होता. मी माझ्या या सोबत्याला घेऊन गेलो. त्याला तिथे नेणारा मीच होतो, हे आधी सांगून ठेवतो.

देपालपूरच्या एका धान्य व्यापाऱ्यासाठी रोजचे भाव दाखवणारं पान करायचं होतं. स्क्रीनवर जे दिसतं ते माझ्याकडे. पहिल्या दिवशी मी नव्या मशीनवर सगळं बसवलं: सर्व्हर, दोन ब्राउजर, एडिटर. मालक म्हणाला, "अंकलजी, जो जो डालो, लिखते जाना. कल दूसरी मशीन पर यही करना पड़ेगा."

मला यात नवीन काही नव्हतं. मिलमध्ये मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरने मागात काही बदल केला की तो मागाच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवायचा, पुढच्या पाळीला कळावं म्हणून. तसाच मी कागद लिहिला. हिंदी फॉन्ट मात्र लिहिला नाही. विसरलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो मिलच्या फ्लॉपीवरचा होता आणि ती फ्लॉपी मी न विचारता घरी आणली होती. लिहिलं असतं तर कुणी विचारलं असतं.

सोबती माझ्याच मशीनवर टाइप करायचा. पान सुरेख दिसत होतं.

मग आम्ही तिघे देपालपूरला गेलो. व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं आणि चना, गेहूं, सोयाबीनच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम. व्यापारी गादीवरून वाकून बघत म्हणाला, "भिया, ये भाव विलायत की मंडी के हैं क्या?" दुकानातले हसले.

मालक माझ्या सोबत्याकडे वळला. "अंकलजी, ये क्या टाइप कर दिया आपने?"

त्याने चष्मा पुसला. "मेरे से ही कुछ गलत दबा होगा," म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. "तू बघ ना रे जरा."

मला तोवर कळलं होतं. या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, आणि तो नसला की हिंदी अक्षरांच्या जागी इंग्रजी दिसतात. दोन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, "ऑफिसात जाऊन बघतो."

परतताना बसमध्ये तो गुडघ्यावर बोटं चालवत होता. "क इथेच ना? र इथे. इतकी वर्षं बोटं चुकली नाहीत यार." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी मालकाच्या मशीनवर गुपचूप फॉन्ट टाकला. पान नीट दिसलं. "आपने सुधार दिया," मालक खुश झाला. मी नाही म्हणालो नाही. सोबत्याला मात्र त्याने सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. फ्लॉपी खिशात घालून मी एकटाच देपालपूरला जाऊन तिथेही फॉन्ट टाकून आलो.

पुढे एकदा तो बडा गणपतीच्या मंदिराजवळ भेटला. "त्या अक्षरांचं काय झालं होतं, कळलं का रे?" मी म्हणालो, "नाही." टायपिंग सोडलं, म्हणाला. बोटांवर भरवसा राहिला नव्हता.

आता तो महूला मुलीकडे असतो. सेटअपचा तो कागद अजून माझ्याकडे आहे. आज त्याच्या तळाशी राहिलेली ओळ लिहिली, फॉन्ट कुठून आणला तेही. कागद त्याच्या हातात द्यायचा आहे. त्याची बोटं चुकली नव्हती, हे त्याने माझ्या तोंडून ऐकायला हवं.

या महिन्यात दोनदा महूच्या बसपर्यंत जाऊन परत आलो. उद्या सकाळी पुन्हा निघणार आहे. एक बस सोडली तरी दुसरी मिळते, हे मला माहीत आहे, आणि त्याचीच भीती वाटते.