मानपत्राखालचं नाव

ते मानपत्र मी लिहिलं होतं. ही गोष्ट आजवर मी कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

इंग्रजांचं राज्य होतं आणि मी मंगरूळपीरच्या कचेरीत नकला करणारा कारकून होतो. गावातल्या एका कापडवाल्या चाचांचं रंगूनला दुकान होतं. तिथे हिंदी लोकांविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा ब्रह्मदेशातल्या एका मोठ्या पुढाऱ्याने चाचांना नऊ दिवस आपल्या घरात ठेवलं. जमाव आला तेव्हा तो स्वतः दारात उभा राहिला. पुढे तो हिंदुस्थानात आला आणि चाचांच्या आग्रहाखातर दोन दिवस आमच्या गावी राहिला. दर्ग्याला जाऊन आला, ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिला. निघताना त्याला मानपत्र द्यायचं ठरलं. अक्षरासाठी चाचा माझ्याकडे आले.

"चाचा, मी सरकारी माणूस."

"मंग? तुले भाषण थोडीच करायचं हाय? लिवून दे चुपचाप."

सुट्टीच्या दुपारी दार लावून मी दोन प्रती लिहिल्या. एक पाहुण्याला, एक दुकानात लावायला. चाचांनी सांगितलेले आभार लिहून झाले. मग, कुणीही सांगितलेलं नसताना, मी एक ओळ घातली: ‘आपला देश व आमचा देश एकाच मालकाच्या तावडीतून लवकर सुटोत.’ दार बंद होतं, म्हणून मला फार शूर वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर मोटार उभी होती. मुनीमाने मानपत्र वाचलं. त्या ओळीला लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कडेला उभ्या हवालदाराने खिशातून वही काढली. मी लोकांच्या मागे सरकलो.

"चाचा, हस्ताक्षराची जागा कोरी हाय," मुनीम म्हणाला. आमच्याकडे लिहिणाऱ्याने कागदाच्या तळाशी ‘हस्ताक्षर’ लिहून आपलं नाव टाकायची रीत. मी ती जागा मुद्दाम सोडली होती.

चाचा मला आत, गठ्ठ्यांच्या मागे घेऊन गेले. "नाव टाक. पावन्याले काय बेवारस कागद देतं का?"

दाराच्या फटीतून हवालदाराचे बूट दिसत होते. चाचांना फक्त उर्दू वाचता येई. मी बोरू बुडवला आणि दोन्ही प्रतींवर मुन्शीकाकांचं नाव लिहिलं.

मुन्शीकाका कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. लहानपणी बोरू छाटायला मला त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे आमची अक्षरं सख्ख्या भावांसारखी होती. त्या दिवशी ते कारंज्याला गेले होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पाहुणा आत आला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तो काहीतरी बोलला. "म्हनते, घरी भितीवर लावीन," चाचांनी सांगितलं. माझ्या बोटांची शाई त्याच्या तळव्याला लागली. चाचा त्याच्याबरोबरच मोटारीत बसले आणि रंगूनला गेले ते परत आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुकानातली प्रत साहेबांच्या टेबलावर होती आणि समोर मुन्शीकाका. मी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून दाराशी उभा होतो.

"हे अक्षर तुमचं?"

काकांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला, पुष्कळ वेळ कागद पाहिला. ‘लवकर सुटोत’च्या वरच्या ओळीत एका ‘ळ’वर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"माह्याच हातचं हाय, साहेब."

"ही ओळ?"

"तेबी."

त्यांचा अर्ज लिहिण्याचा परवाना गेला. मी मागून धावत गेलो. "चूप राह्य," ते म्हणाले. "तुह्या घरी पाळना हलून राह्यला. आन ‘ळ’ची गाठ अजूनबी मारत नाही तू, गाढवा."

त्यानंतर कचेरीतून बाहेर पडताना मी लिंबाकडे न पाहता जात असे. ते लेकीकडे किन्हीराजाला गेले. तिच्या घरची चार एकरांची कोरडवाहू शेती. तिथे तण निंदायला बसत. वर्षभरात वारले. मी मातीला गेलो नाही. कुणी विचारलं असतं, हा का रडतो, तर काय सांगायचं, याची भीती वाटली.

आता इंग्रज गेले. माझी नोकरी आहे. तरी दाराशी बूट वाजले की आधी बोटांकडे लक्ष जातं, शाई लागलेली आहे का. गेल्या बाजारात काकांची लेक भेटली. मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकत म्हणाली, "आमच्या बुढ्याले नसती हौस, भाऊ. एका ओळीपायी सारं घर उघड्यावर आनलं त्यानं." मी मान हलवली. मान हलवली, एवढंच केलं.

ती ओळ तिच्या वडिलांची नव्हती, माझी होती, आणि खाली त्यांचं नावही मीच टाकलं. एवढं तिच्या दारात उभं राहून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.