सरांच्या गाडीचा क्लच

गेली सोळा वर्षं मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. क्लच हा माझा लाडका धडा. फळ्यावर दोन वर्तुळं काढायची, एक इंजिनचं, एक गिअरबॉक्सचं, आणि मध्ये प्लेट. पेडल दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे, सोडलं की एकत्र. पेडल तळापर्यंत दाबूनही ते पूर्ण वेगळे होत नसतील, तर क्लच सुटत नाही म्हणायचं. त्याची नऊ कारणं मी फळ्यावर लिहून देतो. झोपेतून उठवून विचारलं तरी ही नऊ कारणं सांगेन, असं मी दरवर्षी वर्गात छाती काढून म्हणत आलो. यंदा म्हटलं नाही.

माझी गाडी लाल आहे. टर्बो पेट्रोलची, बुटकी, ठाण्याच्या एका हौशी माणसाने वापरलेली. हायवेला जमिनी गेल्यापासून शहापुरात दारोदार पांढऱ्या उंच गाड्या उभ्या असतात, त्यांत ही उठून दिसते. घेतल्यावर मी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करून तिची ताकद आणखी वाढवून घेतली. ताशी किती पळते, असं कोणी विचारलं की मी आकडा सांगायचो. किन्हवलीच्या रस्त्यावर खड्ड्यांमुळे ती चाळीसच्या वर कधी गेलेली नाही, हे सांगायचो नाही. शिवाय कंपनीची ड्रायव्हरची सीट काढून मी शर्यतीच्या गाडीत असते तशी खोलगट सीट बसवली. ती मागे-पुढे होत नाही, जागच्या जागी पक्की. शर्यतीत गाडी चालवणारा एकच असतो, हा त्यामागचा विचार. काढलेली सीट पडवीत ठेवली. तिच्यावर बसून चहा फार छान लागतो.

बायकोला गाडी शिकायची होती. ती नर्स आहे, माहेर मुरबाडकडचं, उंची बेताची. माझ्या त्या पक्क्या सीटवरून तिचा चवडा पेडलला लागायचा, पण टाच अधांतरी राहायची. मग मी खडी मशीनवरचा जुना रबरी पट्टा आणला. आमच्याकडे हा पट्टा कशाला लागत नाही? गोठ्यात गाईखाली, मोरीच्या दारात, ट्रॉलीच्या चाकामागे चिखल उडू नये म्हणून. खदाणीवर कोणी ओळखीचं असलं की घरात पट्टा येतोच. मी त्याचे दोन थर चिकटवून पेडलांखालच्या सगळ्या जागेत बसवले आणि वरून कंपनीची चटई अंथरली. तिची टाच टेकली. ती हसली, आणि आपण फार चांगला नवरा आहोत असं मला दोन दिवस वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात सरळगावच्या नाक्यावर, चढाला, गाडी तिसऱ्यांदा बंद पडली. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, टपरीवरची माणसं बघत होती, आणि मी वर्गातल्या आवाजात ओरडलो, "पाय आहे का मुसळ?"

तिने हँडब्रेक ओढला, उतरली आणि समोर उभ्या असलेल्या जीपमध्ये बसून घरी गेली. हँडब्रेक ओढायला ती विसरली नाही, याचं मला आज कौतुक वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. त्यानंतर शिकवणी बंद झाली.

पुढे सहा-सात महिन्यांनी गाडीचा क्लच घसरायला लागला. इंजिन बोंब मारायचं आणि गाडी जागची हलायची नाही. कंपनीच्या क्लचवर झेपेल त्यापेक्षा जास्त ताकद टाकली की हेच होतं, हे मी स्वतः शिकवतो. तरी मी निदान केलं की हिने शिकताना जाळला. हे निदान मी घरी सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं, तिच्या भावालाही सांगितलं. ती काही बोलली नाही. बायको बोलत नाही म्हणजे तिला पटलं, असं समजणारे जे गाढव असतात, त्यांतला मी एक.

मग मी बाहेरच्या कंपनीचा दणकट क्लच मागवला. जाड प्लेट, आणि तिला दाबून धरणारी कडक प्रेशर प्लेट. हायवेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. त्याला टक्कल पडलंय, त्याच्या हाताखाली चार माणसं आहेत, तरी मी दिसलो की हातातली विडी टाकून उभा राहतो. त्याने एका दिवसात क्लच बसवला. गाडी चालू केली, पेडल दाबलं, रिव्हर्स टाकला. करर्र आवाज आला. पहिला टाकला, तर पेडल दाबलेलं असतानाच गाडी पुढे सरकायला बघू लागली.

"सर, क्लच सुटत नाय," तो म्हणाला.

"दिसतंय मला," मी म्हणालो.

नेमक्या त्याच महिन्यात बायकोची बदली टोकावड्याला झाली. शहापूरहून किन्हवलीची एसटी, पुढे सरळगावपर्यंत मिळेल ती जीप, तिथून पुन्हा एसटी. जायला अडीच तास, यायला देव जाणे किती. गाडीने हाच रस्ता सव्वा तासाचा. पहिल्याच आठवड्यात तिचा चेहरा उतरला. मी तिला शब्द दिला, "क्लच नीट झाला की गाडी तुझी. मी जाईन आयटीआयला चालत."

ती म्हणाली, "महिनाभर बघते. नायतर टोकावड्याला खोली घेते. आमच्यातली एक सिस्टर बोलवतेय, दोघी राहू. शनिवारी येईन घरी."

हे ती भाजी निवडता निवडता म्हणाली. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघंच. शनिवारी येईन म्हणजे काय, ते मला कळलं. पण मी पुरुषासारखा पुरुष. उठलो आणि नऊ कारणांची यादी घेऊन गॅरेजला गेलो.

पहिलं कारण पेडलची चाल. म्हणजे पेडल पूर्ण खाली जातं की नाही, हे मोजायचं. "ते मी बघितलंय," मी सांगून टाकलं. बघितलं नव्हतं. पण पेडल खाली टेकतं हे पायाला कळतं, त्यात मोजायचं काय? विद्यार्थ्याने मान डोलावली आणि आम्ही दुसऱ्या कारणाकडे वळलो.

दुसरं कारण, क्लचच्या तेलात हवा. ती काढायला एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली नट सैल करायचा. रविवारी दारातच ते काम काढलं आणि बायकोला आत बसवलं.

"दाब. धर. सोड."

दहा-बारा वेळा झाल्यावर ती आतून म्हणाली, "अहो, पेडल खाली कशावर तरी बसतंय."

"त्याला पेडल टेकणं म्हणतात," मी गाडीखालून म्हणालो.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मऊ लागतंय पण."

"तू फक्त दाब."

तिने दाबलं. हवा निघाली, आवाज तसाच राहिला. मग विद्यार्थ्याने गिअरबॉक्स उतरवला. प्लेट उलटी बसली नव्हती, वाकडी नव्हती, शाफ्टवर अडकतही नव्हती. पुन्हा चढवला. आवाज होताच. आठवड्याने पुन्हा उतरवला आणि तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा खालचा सिलिंडर बदलला. तरी काही नाही. प्रत्येक वेळी तो विचारायचा, "सर, पेडलचं तुमी बघितलंय ना?" आणि मी प्रत्येक वेळी जरा जास्त चिडून म्हणायचो, "अरे, मी तुला शिकवलंय का तू मला?"

शेवटी क्लच विकणाऱ्याला मुंबईला फोन लावला. तो म्हणाला, नवीन प्लेट रुळायला वेळ लागतो, चालवत राहा. म्हणून मी शहापूर ते कसारा आणि परत अशा फेऱ्या मारल्या. ट्रक, टँकर आणि रस्त्याची कामं यांच्यामधून पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. डावी मांडी भरून यायची. घाटाच्या पायथ्याशी वडापाव खायचो आणि परत फिरायचो. तेवढ्या वेळात बायको जीपमध्ये तिसऱ्या रांगेत कोंबून घरी येत असायची. तिला आणायला सरळगावपर्यंत जाता आलं असतं, पण चढाला गाडीने दगा दिला तर लोक काय म्हणतील, म्हणून गेलो नाही. त्याच नाक्यावर मी तिला मुसळ म्हटलं होतं.

आणि आता लिहायलाच बसलोय तर तेही लिहितो. क्लच नीट झाला नाही की मला कुठेतरी बरंही वाटायचं. लाल गाडी तिच्या हातात द्यायची वेळ एक दिवस पुढे जायची. याची मला लाज वाटते.

महिना संपत आला. एका शनिवारी तिने बॅग काढली. स्टोव्ह, दोन पातेली, चादर. मग पडवीत आली. मी जुन्या सीटवर बसून चहा पीत होतो.

"खोलीच्या दारात पायपुसणं नाय. गाडीतला तो खदाणीचा पट्टा नेऊ का? तुमी काय आता मला शिकवत नाय, मग तो तिथे कशाला?"

"कुठला पट्टा?" मी विचारलं. आठवल्यावर म्हणालो, "ने."

तिने तो ओढून काढला, नळाखाली घासला आणि कुंपणाच्या भिंतीवर वाळत टाकला. मी चहा संपवला.

रविवारी सकाळी दूध आणायला गाडी काढली. पेडल दाबलं, रिव्हर्स टाकला. लोण्यात सुरी जावी तसा गिअर पडला. पहिला टाकला, तोही गपचूप. पेडल जरा खोल गेल्यासारखं वाटलं, पण त्याचं श्रेय मी माझ्या कसाऱ्याच्या फेऱ्यांना दिलं. तिथूनच विद्यार्थ्याला फोन केला. "रुळली रे प्लेट! धीर धरावा लागतो. तुम्हा लोकांना लगेच गिअरबॉक्स उतरवायची घाई."

"बरोबर सर," तो म्हणाला.

दूध घेऊन परत आलो. गाडी भिंतीला लावताना पट्टा समोरच होता. धुतलेला, काळा, आणि त्याच्यावर बरोबर मध्ये पेडलच्या आकाराचा चौकोनी ठसा. कडक क्लचवर मी महिनाभर जोर लावून उमटवलेला. मी उतरलो आणि त्या ठशावर बोट ठेवलं. पट्ट्याची जाडी माझ्या अंगठ्याएवढी होती. जुना क्लच अर्ध्या पेडलवरच सुटायचा, त्याला पट्ट्याने फरक पडला नव्हता. नव्याला पेडल पूर्ण तळाला जायला हवं होतं, आणि तळाशी माझं प्रेम चिकटवलेलं होतं. कारण क्रमांक एक.

गप्प बसावं असं मनात आलं नाही असं नाही. क्लच रुळला, सरांचं खरं झालं, एवढ्यावर भागत होतं. पट्टा तिच्याबरोबर टोकावड्याला गेला असता आणि दारात पडून राहिला असता. तीही तिकडेच राहिली असती, कारण पट्ट्याशिवाय या सीटवरून तिची टाच टेकत नव्हती. दुधाची पिशवी हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग आत गेलो आणि तिला सांगितलं.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"मी दोनदा सांगितलं तुमाला, कशावर तरी बसतंय."

"हो."

"आणि पहिला क्लच कोणी जाळला?"

हा प्रश्न ती इतके महिने धरून बसली होती, हे मला तेव्हा समजलं.

"मी. इंजिनाची ताकद मी वाढवली म्हणून गेला."

"सगळ्यांना सांगितलंत, हिने जाळला. माझ्या भावालापण."

"चुकलं माझं."

"मला नको सांगू. त्यांना सांग." चौदा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून माझ्यासाठी एकेरी शब्द गेला. तिने तो दुरुस्त केला नाही.

मी तिच्या देखत भावाला फोन केला. मग विद्यार्थ्याला. त्याला पट्ट्याचं सगळं सांगितलं.

"सर, मला पहिल्या दिवशीच वाटलेलं, चटई उचलून बघावी," तो म्हणाला. "पण तुमी बोललात बघितलंय. मग आमी परत कसं बघणार? बरं नाय दिसत ते."

दोनदा गिअरबॉक्स उतरवून चढवला त्या माणसाने, पण सरांची चटई उचलली नाही. मी त्याला शिव्या दिल्या असत्या, पण हे त्याला शिकवणारा मीच.

दुपारी पाने घेऊन बसलो. शर्यतीची सीट काढली, पडवीतली जुनी जागेवर बसवली. पोळ्या आटपून ती बाहेर आली, सीटवर बसली, खालचा दांडा ओढला आणि सीट खटकन पुढे सरकवली. टाच टेकली. मी बाजूला बसलो. गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद पडली, दुसऱ्यांदा पडली, आणि मी तोंड उघडलं.

"तुमी उतरा," ती म्हणाली.

मी उतरलो. तिसऱ्यांदा गाडी निघाली, वळली आणि दिसेनाशी झाली. अर्ध्या तासाने परत आली. रात्री तिने बॅगेतून स्टोव्ह बाहेर काढला आणि परत फळीवर ठेवला.

पंधरा दिवस तिचा भाऊ सरावाला बाजूला बसला. मला बसायची परवानगी नव्हती. लायसन्स मिळाल्यापासून ती एकटी टोकावड्याला जाते. मी आयटीआयला चालत जातो, आणि चहा आता उभ्याने पितो, कारण पडवीत आता शर्यतीची सीट आहे, तिच्यावर बसलं की उठवत नाही. पट्टा मी आमच्याच दारात टाकलाय, ठसा वर करून. संध्याकाळी गाडी भिंतीशी येऊन थांबल्याचा आवाज येतो, आणि ती त्याच्यावर पाय पुसून घरात येते.