देव्हाऱ्यातला तांब्याचा ठसा

लवळ्याच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा मला खोली दिली ती मेंढ्या राखणाऱ्या एका कुटुंबाने. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. पण घरमालकीण मावशींनी पदवी विचारलीच नाही. “जेवला का, सर?” एवढंच विचारलं. ते मी विसरलेलो नाही.

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाआधी देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांचे उठावाचे पत्रे, सोनाराकडून उजळून आणायची त्यांची रीत. मावशींनी ते परातीत काढले. चांदीच्या टाकांत एक तांब्याचा होता. गोल, जाड. कुंकवाखाली मुकुट घातलेली बाई, कडेला इंग्रजी अक्षरं. मागची बाजू कोरी.

मी जुनी नाणी जमवतो. टांकसाळीत नवं नाणं मंजूर होण्याआधी साचा तपासायला तांब्यावर मोजकेच ठसे मारत, कधी एकाच बाजूचे. असं नाणं बाजारात यायचंच नाही. हा तसाच ठसा वाटत होता. टाकही एकाच बाजूने उठलेले असतात. म्हणून कुणीतरी तो देवी समजून पुजला असणार. सोनाराने घासला की बारीक रेघा गेल्या, आणि किंमतही. पण ज्या घराने मला जेवू घातलं, त्यांच्या देवीला नाणं म्हणायचं कसं? अंगणात नुसत्या फेऱ्या मारल्या. शेवटी बोललो.

“मावशी, ही इंग्रजांची राणी असावी. जाणकाराला दाखवेपर्यंत सोनाराकडे देऊ नका.”

ओट्यावर बसलेले मावशींचे यजमान, काका, हसले. “इतकी वरसं राणीला निवद दावतोय व्हय आपण! अन् मला कुनी राजा म्हनंना.”

मावशी हसल्या नाहीत. “लई किंमत येती का?”

“खरं असलं तर येईल. खात्री नाही.”

“सासूबाईंनी माज्या वंजळीत दिली ती देवी म्हनून. पोरीच्या लग्नात बाकीचे देव चकाकनार अन् ही एकलीच काळी? रुसंल न्हाई का?”

मी मोबाइल हातात घेतला. फोटो काढू का, विचारलं.

“काढा की. पर आधी पाया पडा.”

पडलो. घाईत एक फोटो हललाच. काका टाक फडक्यात बांधून पौडला सोनाराकडे निघाले, तेव्हा मोटारसायकलमागे धावावं असं दोनदा वाटलं.

संध्याकाळी सगळे टाक लखलखत आले. राणीच्या केसांच्या रेघा पुसट झाल्या होत्या. “आता बगा कशी दिसती!” म्हणत मावशींनी तिला कुंकू लावलं.

फोटो अजून कुणा जाणकाराला पाठवलेले नाहीत. पाठवले आणि ती खरंच टांकसाळीची राणी निघाली, तर मावशींना काय सांगू?