मला आलेला पेट्रोलचा वास

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारा माणूस. आमच्या धंद्यात गाडी आपोआप काही करत नाही — बंद पडली तरी कारण असतं, पेटली तरी कारण असतं. ते सापडत नसेल तर मेकॅनिक कच्चा. माझं मत आजही तेच आहे. फक्त एका सकाळचं कारण मला अजून सापडलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

गोष्ट नव्वदीच्या शेवटची. परतूरला स्टेशन रोडवर माझं गॅरेज होतं. गिऱ्हाइकांपासून एक गोष्ट मी लपवून ठेवली होती — मला वास येत नाही. आठवीत असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडलो, तेव्हापासून नाक नुसतं शोभेला. मोगरा नाही, नाली नाही, काहीच नाही. पेट्रोलचं काम झालं की मी ऐटीत म्हणायचो, साहेब, तुम्हीच वास घेऊन खात्री करा. लोकांना वाटायचं, काय चोख माणूस आहे!

माझी थोरली बहीण घनसावंगीला दिलेली. दाजी, म्हणजे तिचे मालक, फार जीव लावणारे, पण गाडीचं भलतं वेड. जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि तिला पिकअप पाहिजे म्हणून माझ्या मागे लागले. मलाही हुरूप आला. मोठं कार्बोरेटर बसवलं, भंगारातून आणलेला इलेक्ट्रिक पंप जोडला. राहिली ती मधली नळी. पेट्रोलची खास रबरी नळी औरंगाबादहून मागवावी लागणार होती, आणि दाजींना दुसऱ्याच दिवशी एका लग्नात त्या गाडीतून उतरायचं होतं. तेव्हा आमच्याकडे सगळे जे करायचे तेच मी केलं — दवाखान्यातली सलाईनची नळी लावली.

पारदर्शक असते ती. पेट्रोल पळताना दिसतं, हवेचा बुडबुडा दिसतो, मेकॅनिकला मोठी सोय. मोटरसायकलींना तर आम्ही सर्रास लावायचो. पण मोटरसायकलीत पेट्रोल टाकीतून नुसतं उतरतं, इथे पंप ते जोरात ढकलत होता, आणि खाली तापलेलं इंजिन. पेट्रोलनं ती नळी पिवळी पडते, कडक होते, तडकते. मला हे ठाऊक होतं. नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

दाजींनी बॉनेटमध्ये वाकून वास घेतला. "बिलकुल वास न्हाई, मेव्हणे. बराबर झालंय काम."

चार दिवसांत नळी बदलू असं ठरलं, त्याचे दोन महिने झाले. अखेर रबरी नळी आली आणि मी निरोप धाडला, सोमवारी सकाळी गाडी घेऊन या.

त्या सोमवारी दहाच्या सुमाराला मी एका डिझेल जीपचं चाक खोलत होतो. दुकानात पेट्रोलचा थेंब नव्हता. आणि मला वास आला... पेट्रोलचा. लहानपणी वडिलांच्या मोपेडच्या टाकीला नाक लावायचो, तोच.

खरं सांगतो, मला आनंद झाला. एवढ्या वर्षांनी नाक उघडलं! शेजारच्या चहावाल्या नानांना विचारलं, तर ते म्हणाले, वास-बिस काही नाही. मी साबण हुंगला, चहाची पत्ती हुंगली, नानांच्या गल्ल्यावरची उदबत्ती हुंगली. कशाचाच वास नाही — फक्त पेट्रोल, आणि ते दाट होत चाललेलं, घशात उतरणारं. तरी मी येड्यासारखा हसत नानांचे डबे उघडत होतो. वीस मिनिटं तरी गेली असतील.

मग हात थांबला. दुकानात पेट्रोल नाही आणि नाकात पेट्रोल... ती पिवळी नळी माझ्या डोळ्यांपुढे आली. एसटीडी बूथवर धावलो, दाजींच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, म्हटलं, त्यांना गाडीला हात लावू देऊ नका.

"आत्ताच गेले की," शेजारी म्हणाले. "दहा मिन्टं झाली असतील. दोघं बी गेले."

मी मोटरसायकल काढली. अर्ध्या वाटेत वास एकदम गेला, नळ बंद करावा तसा. त्यानंतर थोड्याच वेळात धूर दिसला.

ताई रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसली होती, कोपरापर्यंत हात भाजलेले. शेजारी दाजी, अंगावर कुणीतरी ओलं पोतं टाकलेलं. त्यांनी तिला ओढून बाहेर काढलं होतं आणि गाडी वाचवायला परत जाऊन बॉनेट उघडलं होतं. चावी तशीच चालू. चावी चालू असेपर्यंत तो पंप पेट्रोल ओततच राहतो — आगीवर. आधी चावी बंद करा, हे एक वाक्य मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. जालन्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दाजी गेले.

तेराव्यानंतर मी ताईला विचारलं, गाडीत वास येत नव्हता का गं?

"न्हाई रे. एवढुसा बी न्हाई," ती म्हणाली. "आला असता तर मी थांबिवली असती गाडी. एकदम जाळच दिसला."

डोक्याला मार लागलेल्यांना असे भास होतात, असं मला एका डॉक्टरांनी सांगितलं. मान्य. पण मग त्याच सकाळी? पेट्रोलचाच? आणि ज्यांची नाकं धड होती त्या दोघांना कसा नाही? ज्या वासानं ती गाडी थांबली असती, तो माझ्याकडे परतूरला कशासाठी आला? मला उत्तर सापडलेलं नाही. त्यानंतर कसलाही वास कधी आला नाही. कुणाच्या गाडीला सलाईनची नळी दिसली की मी ती तिथेच कापतो, मग भांडण झालं तरी चालेल.

ताई आता आमच्याकडेच असते. वास आल्याचं मी तिला सांगितलंय. ती म्हणते, "देवानं तुला सांगितलं, पर उशिरा सांगितलं."

देवानं उशीर केला नाही. वास आला तेव्हा ती दोघं घरीच होती. ती वीस मिनिटं मी साबण हुंगत होतो, आणि एवढं मात्र मी ताईला अजून सांगितलेलं नाही.