मिस्त्रीचे तीन कागद

अकोल्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत शालिकराम मिस्त्री होता. हंगामाआधी मशीनं दुरुस्त झाली, की कशात काय बदललं याचे तो तीन कागद लिही. मालकासाठी फायद्याचा, फिटरांसाठी पुली-पट्ट्यांचा आणि मशीनीत कापूस घालणाऱ्या बायांसाठी अगदी सोपा. बायांचा तो स्वतः वाचून दाखवी. ज्याला जेवढं लागतं तेवढंच सांगावं, असं त्याचं म्हणणं. या लिखाणाचा त्याला भारी अभिमान होता.

अठ्ठावन्न सालच्या हंगामात मुनीमाच्या खोलीतून मालकाचा कागद नाहीसा झाला. शालिकरामचं डोकंच फिरलं. शेजारच्या जिनिंगवाल्यांनी माणूस फोडला, हे त्यानं धरूनच ठेवलं. मग काय, फिटर हसला तरी संशय, मुनीम खोकला तरी संशय.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला, पण एकही बाई मशीनीवर चढली नाही. सगळ्यांत जुनी जयवंता तो कागद घेऊन पुढं आली.

"म्याच नेला व्हता. शाळेतल्या अनसूयाबाईकडून वाचून घेतला."

"कावून?"

"मशीन एक अन् कागद तीन. आमाले वाटलंच, काईतरी काळंबेरं हाय. मालकाले लिवलं, मशीन सव्वापट जोरात चालते. आमाले नुसतं सांगतलं, थांबवाचा दांडा डाव्या हाताले आला. जोराचं कावून नाई सांगतलं?"

"जोराचं तुमाले काय कराचं व्हतं?" शालिकराम बोलून गेला.

"मालकाची रुई वाढते. आमचा हात जाते, मिस्त्री."

तीन दिवस साऱ्या गावावर संशय घेत फिरलेल्या त्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिथंच पोत्यावर कागद ठेवून लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: मशीन आता जोरात फिरते, हात वीतभर मागे ठेवा.

बाया जागच्या हलल्या नाहीत. जयवंता त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हे आता सांगतलं. आनखी काय ठेवलं पोटात?"

काही नाही, असं म्हणायला शालिकरामनं तोंड उघडलं, तोच त्याला आठवलं. फिटरांच्या कागदात शेवटची एक ओळ होती. बाया उगाच भितील म्हणून ती त्यानं त्यांच्या कागदात घातली नव्हती.

"थांबवाचा नवा दांडा," तो खाली बघत म्हणाला, "कधी कधी अडकते."