मेथीच्या जुडीला बांधलेल्या कविता

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांना तेल लावतात, मी जपानी साहित्याच्या नादी लागलो. वर्ध्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक जपानी कादंबरी हाती आली, इंग्रजी अनुवादातली. साठ पानं झाली तरी तिच्यातल्या नवऱ्याने हातातला चहाचा पेला खाली ठेवला नव्हता. बायको खिडकीशी बसलेली. दोघंही गप्प. आणि तरी मला दोघांच्या मनातलं सगळं कळत होतं! शाळेत तीस वर्षं मराठी शिकवताना आपण उगाच इतकं बोललो, असं वाटायला लागलं.

मग मी उलटा निघालो. कादंबऱ्यांवरून हायकूंवर आलो, तिथून मागे थेट हजार वर्षांपूर्वीच्या दरबारी कवितांवर. त्या काळची एक रीत वाचून तर मी खुर्चीतून उठलोच. माणूस बाईला मनातलं तोंडाने सांगायचा नाही. पाच ओळी लिहायचा, कागद दुमडायचा, फुललेल्या फांदीला बांधायचा आणि पाठवून द्यायचा. उत्तरही कवितेतच यायचं. नाही आलं, की याने काय ते समजायचं आणि रडून बाही ओली करायची. त्या कवितांमध्ये इतक्या बाह्या ओल्या होतात की वाळत घालायला दोरी पुरू नये.

हे सगळं मी आमच्या नाचणगावच्या दीड एकराच्या बांधावर खुर्ची टाकून वाचत असे. त्या दीड एकरात भाजी पिकते ती बायकोच्या जोरावर. पहाटे ती जुड्या बांधते, ऑटोत टोपली टाकते आणि पुलगावच्या गुजरीत, म्हणजे रोजच्या भाजीबाजारात, जाऊन बसते. मी जपानात असतो.

गेल्या हिवाळ्यात मी वर्ध्याला निघालो तेव्हा तिने तीन कामं सांगितली होती. मेथीचं बी आणायचं, पाण्याच्या पाइपाचा जोड आणायचा, आणि नव्या काचा बसवायला टाकलेला तिचा जवळचा चष्मा आणायचा. मी बी आणलं, जोड आणला आणि दरबारी कवितांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. चष्मा राहिला.

"चष्मा?" तिने विचारलं.

"पुढच्या खेपेले आणतो," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबायचं की नाही! पण मास्तरची जीभ. "तुले असं कोन्तं वाचाचं राह्यते?"

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. अबोला आमच्याकडे नवा नाही, पण तो संध्याकाळच्या चहाबरोबर विरघळतो. हा विरघळेना. तोंड बंद आणि भांडी बोलकी. जेवण वेळेवर, डाळीत मीठ बरोबर, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. चाळीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा घाबरलो.

आणि मला ती रीत आठवली. दरबार नव्हता, फुललेली फांदी नव्हती, पण मेथी होती. जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत पाठीवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं,

धुकं बसलं
फुलकोबीच्या गड्ड्यांवर.
तू बोलली नाहीस.
सकाळपासून माझी
एक बाही ओली आहे.

बाही खरंच ओली होती. पाइपाला जोड बसवताना भिजली होती. पण कवितेत सगळी कारणं सांगायची नसतात. पहाटे ती चहा घ्यायला आत गेली, तेव्हा मी चिठ्ठी लाल दोऱ्याने टोपलीतल्या सगळ्यात वरच्या जुडीला बांधली.

उत्तर नाही. दुसरी लिहिली, तिसरी लिहिली. चौथीत चंद्र घातला. पाचवीत कविताबिविता सोडून सरळ 'चुकलो' असं लिहिलं. संध्याकाळी मी तिचा चेहरा न्याहाळायचो. माझ्या कादंबरीतल्या बाईसारखा शांत, काही न सांगणारा. पोरांना जन्मभर संदर्भासह स्पष्टीकरण लिहायला लावलं, आणि मला घरातल्या एका ओळीचा अर्थ लागेना.

सहाव्या दिवशी मी हात टेकले. चिठ्ठी बांधलीच नाही. दहाच्या सुमारास ऑटोवाला गुजरीतून परतला तो थेट माझ्या खुर्चीपाशी आला.

"मास्तर, गुजरीत जाऊन पाटी पाहून या. मी दोनदा वाचली, पन मले भाव समजला नाई."

मी गेलो. फुलकोबीच्या ढिगाऱ्यावर भावाची पाटी उभी होती आणि तिच्यावर खडूने, दुरूनही दिसतील अशी मोठाली वाकडी अक्षरं होती.

चष्मा आणा जी
मंग वाचीन सारं
तवर चूप

मी भर बाजारात बोटांवर मोजलं. पाच, सात, पाच अक्षरं, हायकूचं नेमकं माप. आठ महिने घाम गाळून मला एक हायकू धड जमला नव्हता! मग अर्थ डोक्यात शिरला आणि माझी बोटं तशीच राहिली. ज्या बाईला मी वाचायला काही उरत नाही म्हणालो, तिचा चष्मा दुकानात ठेवून मी तिला पाच दिवस बारीक अक्षरात कविता पाठवत होतो.

ती गिऱ्हाइकाला वांगी तोलत होती. माझ्याकडे बघितलंही नाही. बोलली ती शेजारी मिरच्या घेऊन बसणारी बाई.

"मी म्हनलं वाचून दाखवतो, तं नाई म्हने. माह्या हायेत, मीच वाचीन. परवा एक बाई जुडीसंगं चिठ्ठी बी घेऊन गेली, तं हे गल्ला सोडून धावली न तिच्या मांगं!"

मला इतकी लाज वाटली की तिथूनच वर्ध्याची बस धरली. जाता-येता काहीही वाचलं नाही.

संध्याकाळी ओसरीवर मी चष्मा तिच्या हातात ठेवला. तिने पदराच्या टोकाने काचा पुसल्या, कमरेच्या बटव्यातून पाचही चिठ्ठ्या काढल्या आणि क्रमाने मांडीवर लावल्या. एकेक अक्षरावर बोट ठेवून ती वाचत होती. परीक्षेचा निकाल लागताना पोरं का घामाघूम होतात, ते मला त्या दिवशी कळलं.

"बाही ओली होती तं शर्ट बदलायचा ना जी," ती म्हणाली. आठवड्याभराने ऐकलेला तो पहिला शब्द. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते मी बाहीनेच पुसलं.

पाचवी चिठ्ठी तिने दोनदा वाचली. मग सगळ्या घडी करून पुन्हा बटव्यात ठेवल्या.

"आजची कुठी हाय?"

"आज नाई लिहिली."

"काऊन?"

"मले वाटलं, तू वाचत नाईस."

"मंग आता लिहा," ती म्हणाली. "चष्मा नाई काढत मी."